सुतकातलं मत

सुतकाच्या घराचं दार लावायचं नसतं. येणाऱ्यानं बेल वाजवायची नाही, शालोम म्हणायचं नाही, सरळ आत येऊन बसायचं आणि सुतकी माणूस तोंड उघडेपर्यंत गप्प राहायचं. ही रीत ज्यानं घातली त्याच्या घरात खासदार नसावा.

माझी नणंद मोझेल वारली आणि चौथ्या दिवशी दिमोनातल्या आमच्या तीन खोल्यांत अर्धा पक्ष येऊन बसला. तिच्यासाठी आले असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. मोझेल आयुष्यभर कापडाच्या गिरणीत उभी राहिली, लग्न केलं नाही, आई गेल्यावर धाकट्या भावाला तिनंच वाढवलं आणि तो भाऊ खासदार झाल्यावरही बाजारातून पिशव्या स्वतःच उचलून आणल्या. तिच्या हयातीत यातल्या एकाला तिचं नाव माहीत नव्हतं. आता दारातून आत येताना प्रत्येक जण "मोझेल, मोझेल" करत होता. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात, ते हेच.

कारण त्याच दिवशी संध्याकाळी जेरुसलेमला मतदान होतं. वेस्ट बँकेतल्या टेकड्यांचा एक पट्टा कायद्यानं देशाला जोडून टाकायचा की नाही, एवढाच प्रश्न. विधेयक आमच्याच पक्षाच्या प्रमुखांनी आणलं होतं आणि त्यावरून आमचाच पक्ष उभा चिरला होता. एक गट म्हणे जोडा, दुसरा म्हणे थांबा. वर्तमानपत्रांनी त्यांची नावंच पाडली होती, जोडावाले आणि थांबावाले. विरोधकांशी हे लोक हसून बोलत, एकमेकांना मात्र पाण्यात पाहत. कोण कुठे जेवतो, कोणाच्या गाडीतून उतरतो, यावर पाळत. त्या टेकड्यांवर जे राहतात त्यांना कोणी विचारलं नव्हतं. जैतुनाचा हंगाम होता, ते आपले झाडं झोडपत असतील.

माझा नवरा एलियाझ भोनकर नक्की कुठल्या गटाचा, ते कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. विचारलं की म्हणायचा, "बघू." या एका शब्दावर मी त्याच्याशी चाळीस वर्षं संसार केलाय. फ्रिज घेऊ या का, बघू. मुलाचं लग्न ठरवू या का, बघू. पण देशाची हद्द कुठे संपते यालाही "बघू" म्हटल्यावर जोडावाल्यांना वाटलं हा थांबावाला आहे, थांबावाल्यांना वाटलं हा जोडावाला आहे, आणि दोघांनी मिळून ठरवलं की हा लबाड आहे.

त्यात हे सुतक. संसदेत एक जुनी रीत आहे, वजावटीची. इकडचा एक जण आजारपणानं किंवा सुतकानं येऊ शकत नसेल, तर तिकडचा एक जण आपण होऊन मत द्यायला जात नाही. एक गेला, एक वजा, हिशेब बरोबर. त्याला ना कागद ना सही, नुसता शब्द. पण शब्द मोडला तर त्या माणसाला पुन्हा कोणी वजावट देत नाही. मग त्याच्या घरी कोणी मेलं तरी त्यानं सभागृहातच बसायचं.

एलियाझसाठी विरोधकांनी वजा केलेला माणूस होता योराम झेलिगर. उंच, खांदे पडलेला, हैफाचा वकील. वजावटीत त्यानं आपल्या घरी बसायचं होतं. तो सकाळीच आमच्या घरी हजर.

"सांत्वनाला आलो," तो म्हणाला, आणि कोपऱ्यातली अशी खुर्ची पकडून बसला की तिथून एलियाझही दिसावा आणि बाहेरचं दारही.

एलियाझ बुटक्या स्टुलावर बसला होता. चार दिवसांची दाढी, गळ्याशी फाडलेला शर्ट, पायांत नुसते मोजे. त्यानं मान वर केली. "एवढ्या लांबून आलास?"

"म्हटलं, मी घरी बसलोय हे तुला दिसलं पाहिजे. म्हणून तुझ्याच घरी बसतो."

"आणि मी बसलोय हे तुला दिसलं पाहिजे."

"ते ओघानं आलंच," योराम म्हणाला.

मी त्याच्यापुढे शेजारून आलेलं उकडलेलं अंडं ठेवलं. मला तो माणूस आवडला, निदान पाळत ठेवायला आलोय हे कबूल तरी करत होता.

दुपार व्हायच्या आत ओर्ना आली. ती आमच्याच पक्षाची खासदार, थांबावाल्यांची पुढारी. हातात मसुराचं मोठं भांडं. सुतकात घरचं शिजवायचं नसतं, शेजारीपाजारी आणून देतात, त्यामुळे भांडं घेऊन आलेल्या बाईला स्वयंपाकघरात यायला कोणाची परवानगी लागत नाही. तिनं भांडं ओट्यावर ठेवलं आणि दाराकडे पाहून आवाज खाली आणला.

"एलिशेबा, एक विचारू? तो आज इथेच राहणार ना?"

"सुतकी माणूस कुठे जाणार?"

"तुला काही सांगितलं नाही त्यानं?"

मला हा प्रश्न कोणी विचारला की माझं डोकं तापतं. "काय सांगायचंय?"

"प्रमुखांनी परवा रात्री त्याला फोन केला होता. स्वतः. येऊन विधेयकाच्या बाजूनं मत दे, उपमंत्री करतो म्हणाले."

"आणि वजावट?"

"वजावट मोडली तर मोडली. मंत्र्याला कोण विचारतंय?" ओर्नानं माझा दंड दाबला. "मला वाटलं, तुला माहीत असेल."

नव्हतं. परवा रात्री फोन आला होता हे माहीत होतं. एलियाझ तो घेऊन गॅलरीत गेला होता आणि आत आल्यावर म्हणाला होता की स्मशानातल्या लोकांचा होता, दगडावर काय कोरायचं ते विचारत होते. मी म्हटलं होतं, एवढ्या रात्री? तर म्हणाला, त्यांना दिवसा वेळ नसतो.

आता ओर्नाचं तरी खरं कशावरून? ती थांबावाली. मला भडकवून नवऱ्याला घरात अडकवायचं तिच्या फायद्याचंच. हे मला कळत होतं. पण संशयाचं असं असतं, की कोणी पेरला ते कळूनही उगवायचा थांबत नाही. ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि सगळं नव्यानं मोजलं. काल एलियाझनं विचारलं होतं, गाडीत पेट्रोल आहे का. सकाळी न्हाणीघरात त्याचा पांढरा शर्ट मला खुंटीवर दिसला होता. सुतकात सात दिवस तोच फाटका शर्ट घालायचा असतो, मग पांढरा शर्ट तिथे काय करत होता?

आणि मला सांगायला हवं, की मला त्या टेकड्यांचं काही पडलं नव्हतं. जोडा नाहीतर सोडा. मला मोझेलचं पडलं होतं. तिला मूल नाही, नवरा नाही. तिच्या नावानं कद्दिश म्हणणारा या जगात एकच माणूस, तिचा भाऊ. ती प्रार्थना एकट्यानं म्हणता येत नाही, दहा पुरुष लागतात, आणि म्हणणारा तर लागतोच लागतो. ज्या बाईनं स्वतः उपाशी राहून याला वाढवलं तिचे सात दिवस हा पुरे करणार नसेल, तर मी याच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नव्हते.

दाराजवळच्या खिळ्यावर गाडीची किल्ली टांगलेली असते. मी ती काढली आणि तुरडाळीच्या डब्यात तळाशी खुपसली. सुतकात चूल बंद, डबा कोण उघडणार?

जेवणं झाली आणि गिडोन आला. गिडोन पक्षाचा प्रतोद, म्हणजे मतं गोळा करणारा, पक्का जोडावाला. जाडजूड, घाम पुसत बोलणारा. सोबत एक रब्बी, धर्मगुरू. बाहेरच्या खोलीतली कुजबुज एकदम बंद झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या सभास्थानातून आणलेल्या, त्या एकेक सरकवून लोकांनी वाट करून दिली.

गिडोन नियमाप्रमाणे गप्प बसला. एलियाझही गप्प. दोघं एकमेकांच्या मोज्यांकडे बघत होते. शेवटी एलियाझचे मामा, शालोममामा, वैतागले. ते नव्वदीचे, लहानपणी रेवदंड्याला वाढलेले, कोणाची भीड ठेवायचं वय त्यांनी कधीच ओलांडलेलं.

"अरे, कोणीतरी बोला," ते म्हणाले. "मढं मोझेलचं होतं, तुमचं नाही."

"एलियाझ," गिडोन लगेच म्हणाला, "तुझ्या दुःखात आम्ही आहोत. रब्बींना म्हणूनच आणलंय."

रब्बींनी दाढीवरून हात फिरवला. त्यांचं म्हणणं असं, की सुतकी माणसानं घर सोडू नये हे खरं, पण साऱ्या समाजाचं काम अडलं असेल तर सूट आहे. आणि आजच्यापेक्षा मोठं काम कोणतं?

"गाडी खाली उभी आहे," गिडोन म्हणाला. "रात्रीच्या आत परत आणून सोडतो. मृतात्म्यालाही आनंदच होईल."

"कोणत्या वाटेनं कळवणार आहे ती?" शालोममामांनी विचारलं.

योराम कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकत होता. तो खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला लागला, पण नजर एलियाझवर.

मला राहवलं नाही. मी अंड्यांची ताटली घेऊन मध्ये गेले आणि एलियाझला मराठीत म्हटलं, "अहो, अंडी दोनच खा. कोलेस्टेरॉल वाढलंय."

गिडोन ताडकन वळला. "काय म्हणाली ती?"

"अंडी दोनच खा म्हणते," एलियाझ म्हणाला.

"दोनच?" गिडोननं खोलीभर नजर फिरवली, आधी योरामकडे, मग माझ्याकडे. "दोन म्हणजे कोण दोन?"

"अंडी," मी म्हटलं. "कोंबडीची."

त्याचा विश्वास बसला नाही. चोराच्या मनात चांदणं. त्यानं कोणाला तरी मोबाइलवर निरोप पाठवला. मी खांद्यावरून डोकावले तर त्यानं फोन पोटाशी धरला.

"मी येणार नाही," एलियाझ मोठ्यानं म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बहिणीचं सुतक मोडून मी येणार नाही, आणि योरामला दिलेला शब्दही मोडणार नाही. प्रमुखांना सांग."

खोलीत कोणीतरी "शाबास" म्हणालं. योरामनं चष्मा डोळ्यांवर चढवला. मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण चाळीस वर्षांत एलियाझ इतकं सरळ, इतकं स्पष्ट, इतक्या माणसांदेखत कधी बोललेलाच नव्हता. "बघू" म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता.

गिडोन उठला. जाताना सुतकी माणसाला म्हणायचे शब्द त्यानं म्हटले, वरून तुझं सांत्वन होवो, पण सूर असा की वरून वीज पडो. रब्बी त्याच्या मागून गेले. त्यांच्यासोबत आणखी काही जण उठले. एकाला वाटलं, गिडोन गेला म्हणजे वाटेत कोणाला तरी गाठणार. दुसऱ्याला वाटलं, तो पहिला का उठला? असं करत करत पक्षाची सगळी मंडळी एकमेकांवर नजर ठेवायला एकमेकांच्या मागे जेरुसलेमला निघून गेली. साप साप म्हणून भुई धोपटायची ती किती! त्यांच्या गाड्यांची धूळ खिडकीतून आत आली.

मागे राहिले ते बहुतेक आमचेच, दिमोनाचे. शेजारचे दोघे भाऊ, गिरणीतले जुने कामगार, खालचा मसाल्यांचा दुकानदार, मामा. मी पुरुष मोजले. एलियाझ आणि योराम धरून बरोबर दहा. योराम देव मानत नाही, पण दहात मोजायला तेवढं लागत नाही.

ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं. सूर्य मावळायच्या आधी दुपारची प्रार्थना, मग थोडं पठण, मग संध्याकाळची, आणि दोन्हींत कद्दिश. या सगळ्याला जो बसला तो जेरुसलेमला वेळेवर पोचत नाही. जायचं असेल त्यानं प्रार्थनेच्या आधी निघायला हवं. हे मला कळत होतं, योरामला कळत होतं, आणि एलियाझला तर कळत होतंच.

तो मध्येच उठून आत गेला. मी मागोमाग गेले. तो आतल्या कपाटाचे खण उघडत होता, अगदी हळू, आवाज न करता.

"काय शोधताय?"

"चष्मा."

चष्मा त्याच्या खिशातून अर्धा बाहेर आलेला होता. मी बोटानं दाखवला. त्यानं तो काढून डोळ्यांवर लावला आणि माझ्याकडे नीट पाहिलं, जणू मला पहिल्यांदाच बघत होता. मग जाऊन आपल्या स्टुलावर बसला. मी काही बोलले नाही. बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि सुतकात भांडायचं नसतं हे निमित्त मला त्या वेळी बरं वाटलं.

प्रार्थनेची पुस्तकं वाटून झाली आणि योरामचा फोन वाजला. त्यानं ऐकलं. एकदा एलियाझकडे बघितलं, पुन्हा ऐकलं. मग उभा राहिला.

"माझ्या लोकांचा फोन आहे," तो म्हणाला. "तुमच्या दुसऱ्या एका माणसानं वजावट मोडलीय म्हणतात. आणि तूही निघणार आहेस म्हणतात. गिडोन वाटेत कुठेतरी गाडी थांबवून उभा आहे."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"मी तुझ्यासमोर नाही म्हटलं त्याला."

"माझ्यासमोर म्हटलंस, हेच मला खटकतंय," योराम म्हणाला.

मला तो माणूस आणखी आवडला, आणि त्याच वेळी त्याला धरून खुर्चीत बसवावं असंही वाटलं. कारण तो गेला तर राहतात नऊ.

"अहो वकीलसाहेब," शालोममामा म्हणाले, "मी हिंदुस्थान सोडला तेव्हा बेळगाव कोणाचं यावर भांडण चालू होतं. मला नव्वद झाली, अजून चालूच आहे. टेकड्या उद्याही तिथेच असतील. दहावा माणूस आज लागतो."

"मला थांबायचंय, मामा. पण मी थांबलो आणि हा सटकला, तर उद्या मी घरी तोंड दाखवू शकणार नाही." योरामनं खिशातून आपल्या गाडीची किल्ली काढली आणि मधल्या मेजावर ठेवली, जिथे मोझेलच्या नावाचा दिवा तेवत होता. "ही माझी. एलियाझ, तुझी ठेव शेजारी. प्रार्थना संपेपर्यंत दोन्ही मामांच्या ताब्यात. मग मी बसतो."

सगळ्यांना पटलं. कोणीतरी म्हणालं, झालं की मग. सगळ्यांच्या नजरा एलियाझकडे.

तो जागचा हलला नाही. खिळा त्याच्या पाठीमागे होता, त्यानं मान वळवूनही पाहिलं नाही.

"किल्ली जागेवर नाहीये," तो म्हणाला.

"जागेवर नाही म्हणजे?"

"सापडत नाही."

योराम हसला, पण त्यात हसू नव्हतं. "म्हणजे गाडी कोणीतरी आधीच काढून ठेवलीय. पेट्रोल भरून, तोंड रस्त्याकडे करून. पुढच्या चौकात, की शाळेमागे?" त्यानं आपली किल्ली उचलली. "शोक करायला आलो होतो रे मी. खरंच."

"तो खोटं बोलत नाहीये," मी म्हटलं.

कोणी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. खासदाराची बायको आणखी काय बोलणार? योराम दारापर्यंत पोचला होता. मसाल्यांचा दुकानदार पुस्तक मिटायला लागला होता. एलियाझ स्टुलावर बसून आपल्या मोज्यांकडे बघत होता, आणि त्या क्षणी मला कळलं की त्या खिळ्याकडे न बघताच त्याला तो रिकामा आहे हे माहीत होतं. चष्मा शोधत नव्हता तो. हे कळून मला जे झालं ते सांगता येत नाही. गालावर कोणी मारावं आणि आपणच मागितलेलं असावं, तसं.

मी स्वयंपाकघरात गेले, तुरडाळीचा डबा काढला, मोठी ताटली घेतली आणि सगळ्यांसमोर ती मेजावर ठेवून डबा तिच्यात उपडा केला. डाळ सगळीकडे सांडली, खाली सतरंजीवरसुद्धा. शेवटी किल्ली पडली.



"मी लपवली होती," मी म्हटलं. "सकाळी. हे जातील म्हणून."

योराम दारात उभा होता तसाच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग एलियाझकडे, आणि मला वाटतं त्याला लाज वाटली, आमची. असं उघडं पडलेलं घर बघायला कोणाला आवडत नाही. तो परत आला, आपली किल्ली मेजावर ठेवली आणि खुर्चीत बसला.

"घरातच प्रतोद," शालोममामा म्हणाले. "गिडोनला उगाच पगार देता." ते एकटेच हसले. दोन्ही किल्ल्या त्यांनी आपल्या कोटाच्या खिशात टाकल्या. "चला. ऊन गेलं."

प्रार्थना झाली. एलियाझनं कद्दिश म्हटली. सुरुवातीला आवाज फुटत नव्हता, मग फुटला. दहाही जण आमेन म्हणाले, योरामसुद्धा, जरा उशिरा, दुसऱ्यांचं ऐकून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकलं. त्या दिवशी त्या घरात मोझेलचं नाव पहिल्यांदाच कोणी बदल्यात काही न मागता घेतलं होतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

संध्याकाळची प्रार्थना आटोपून लोक खाली उतरत होते तेव्हा दुकानदाराच्या रेडिओवर निकाल आला. दोन्हीकडे सारखी मतं. सारखी पडली की विधेयक पडतं. एलियाझचा फोन वाजायला लागला. गिडोननं त्याला गद्दार म्हटलं. ओर्नानं कळवलं की तिला शेवटपर्यंत त्याचा भरवसा नव्हता आणि अजूनही नाही. प्रमुखांचा फोन आलाच नाही, आणि त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला. योराम जाताना एलियाझच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पुढच्या वेळी माझ्या घरी कोणी गेलं तर तू ये." मला त्यानं नुसती मान झुकवली.

मग आम्ही दोघंच राहिलो. मी सतरंजीवरची डाळ वेचत होते. तो स्टुलावर.

"मी गेलो असतो, एलिशेबा," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"सकाळपासून नाही. सकाळी नाही जायचं असंच होतं. गिडोनला म्हटलं तेही खोटं नव्हतं. मग तो गेला, आणि मला वाटलं, किल्ली हातात तरी घेऊन बघू."

"गाडी कोणाकडेही मिळाली असती."

"मागायची लाज वाटली." त्यानं मान वर केली. "कोणाच्या बाजूनं, ते नाही विचारत?"

"सांगा."

"तेच तर. ते गाडीत बसल्यावर ठरवणार होतो."

मला हसू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही मी डाळीत घालवले. सगळा पक्ष ज्याच्या मनात शिरायला धडपडत होता, तो हा माणूस. आत काही नव्हतंच. आत एक "बघू" होता.

"ताई काय म्हणाली असती?" त्यानं विचारलं.

त्याला काय ऐकायचं होतं ते मला माहीत होतं. थांब म्हणाली असती, बरं केलंस म्हणाली असती. सहज म्हणता आलं असतं. पण मी मोझेलला ओळखत होते. तिनं उभ्या गल्लीत सांगून ठेवलं होतं की आमचा एलियाझ एक दिवस मंत्री होणार. स्वतःच्या मढ्याशेजारी बसून तिनं त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून दिला असता. किल्ली लपवताना मी तिचं नाव घेतलं होतं, पण लपवली होती ती माझ्यासाठी. मला तो तसा माणूस नको होता.

"वन्सं म्हणाल्या असत्या, जा," मी म्हटलं.

तो रडायला लागला. चार दिवसांत पहिल्यांदा, तोंडावर हात घेऊन, लहान पोरासारखा. मी डाळ तशीच टाकली, त्याच्याजवळ खाली बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि तरीही माझ्या मनात आलंच, की हा रडतोय तो बहिणीसाठी, की हुकलेल्या खुर्चीसाठी. विचारलं नाही.